केकावरील क्रीडांगण

इतिहास म्हटला म्हणजे सिंहासने, तह आणि रणसंग्राम एवढेच ज्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते, त्यांस आमच्या आजच्या विषयाचे नाव ऐकून हसू आल्यावाचून राहणार नाही. वाढदिवसाचा केक, तोही घरी भाजलेला, आणि त्यावर साखरेने रेखाटलेले खेळाचे मैदान! ज्या पदार्थाचे आयुष्य फार तर एका संध्याकाळचे, त्याला कसला आला आहे इतिहास? काही महिन्यांपूर्वी हा प्रश्न आम्हीही असाच हसत विचारला असता. परंतु मध्यंतरी एक प्रसंग असा घडला की त्या हसण्याची आम्हांस थोडी लाज वाटली, आणि त्या लाजेपोटीच आम्ही ह्या विषयाची पाळेमुळे धुंडाळू लागलो.

प्रसंग अगदी घरगुती आहे. आमच्या भाचीच्या मुलीला आठवे वर्ष संपून नववे लागले. मुलीला क्रिकेटचे विलक्षण वेड. आईने दोन रात्री जागून तिच्यासाठी केक केला. १० इंच व्यासाचा वाटोळा केक. त्यावर हिरव्या रंगात घोळलेल्या सुक्या खोबऱ्याच्या किसाचे गवत. मधोमध बिस्किटांच्या चुऱ्याची खेळपट्टी. दात कोरण्याच्या काड्यांच्या यष्ट्या. आणि साखरेच्या मऊ कणकेची, बॅट उगारून उभी असलेली, दोन वेण्यांची एक चिमुकली मुलगी. भोवती बारा कपकेक मांडलेले: सहांवर तांबडा लेप व पांढरी शिवण, म्हणजे ते क्रिकेटचे चेंडू, उरलेल्या सहांवर पिवळा लेप व पांढरी वळणदार रेघ, म्हणजे ते टेनिसचे.

आम्ही अध्यापकी खोडीप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. खऱ्या मैदानाचा व्यास १५० यार्ड धरला, तर २२ यार्डांची खेळपट्टी ह्या केकावर जेमतेम दीड इंच भरावयास हवी. ही तर चांगली पाच इंच होती. २८ इंच उंचीची यष्टी ह्या प्रमाणात मोहरीच्या दाण्याएवढी व्हावयास हवी. आम्ही ही चूक भाचीच्या निदर्शनास आणली. ती हात पुसत म्हणाली, "मामा, तिला खेळपट्टी जेवढी मोठी वाटते, तेवढी मी केली." आम्ही निरुत्तर झालो. इतक्यात पाहुण्यांपैकी एक सद्गृहस्थ उद्गारले, "पण एवढा खटाटोप कशाला? बाजारात तयार मिळतो की!" भाची काहीच बोलली नाही. पंधरा मिनिटांत मैदान, गवत, चेंडू सारे नाहीसे झाले. त्या गृहस्थांचा प्रश्न मात्र आमच्या मनात घर करून राहिला. हा खटाटोप कशाला? आणि तो आजवर कोणी कोणी केला?

केक सजविण्याची कला युरोपात जन्मली ती राजवाड्यात; घराशी तिचा काडीचा संबंध नव्हता. चौदाव्या-पंधराव्या शतकांत इंग्लंडच्या राजमेजवान्यांत दोन पंगतींच्या मध्ये साखरेचे किल्ले, हरणे आणि संतांच्या मूर्ती मिरवीत आणण्याची चाल होती. साखर तेव्हा औषधाच्या भावाने विकली जाई; म्हणून ती खाण्यापेक्षा दाखविण्यातच ऐश्वर्य अधिक होते. पुढे ही शोभा मिठाईवाल्यांच्या दुकानात उतरली. ख्रिस्तजन्मोत्सवानंतर ६ जानेवारीच्या सणासाठी लंडनचे मिठाईवाले एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी साखरेचे मुकुट, चांदण्या व बाहुल्या यांनी नटविलेले प्रचंड केक खिडकीत मांडीत, आणि ते पाहण्यास एवढी गर्दी लोटे की खोडकर पोरे पाहणाऱ्यांच्या कोटांची टोके चौकटीला खिळ्यांनी ठोकून ठेवीत. १० फेब्रुवारी १८४० रोजी व्हिक्टोरिया राणीचा विवाह झाला, तेव्हाचा केक सुमारे ३०० पौंड वजनाचा होता, आणि त्याच्या माथ्यावर वधूवरांना आशीर्वाद देणारी ब्रिटानिया देवी उभी होती. आमच्या भाचीच्या केकावरील दोन वेण्यांची मुलगी ही ह्या देवीचीच वंशज होय. परंतु देवीच्या जागी ती मुलगी येण्यास, म्हणजेच राजाचा गौरव करणारी कला लेकराचे कौतुक करण्यास घरी येण्यास, चार गोष्टी घडून याव्या लागल्या: साखर स्वस्त व्हावी लागली, पीठ सहज फुगावे लागले, रंग निर्विष व्हावे लागले आणि खेळाला सर्वांस ओळखू येईल असे रूप लाभावे लागले. ह्यांतील एकही गोष्ट आपोआप घडलेली नाही.

प्रथम साखरेचे पाहू. वेस्ट इंडीज बेटांतील उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या श्रमांनी ही साखर पिकत असे. ह्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटात १७९१ साली आणलेला ठराव फेटाळला गेला, तेव्हा इंग्लंडातील सहस्रावधी कुटुंबांनी त्या साखरेवर बहिष्कार घातला. पार्लमेंटात ज्यांना मत नव्हते त्या स्त्रियांनी आपल्या स्वयंपाकघरात मत दिले. पुढे तर आपल्या घरची साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी पिकविलेली नव्हे, असे अक्षरांत लिहिलेली साखरेची भांडी चहाच्या मेजावर दिसू लागली. विदेशी साखरेचा बहिष्कार ज्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून ऐकला आहे, त्या मराठी वाचकांस ह्या शस्त्राची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. १८३३ साली साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला. १८७४ साली ब्रिटनने साखरेवरील जकात उठविली. आणि साखर मजुराच्या घरातही पोहोचली. केकावरचा शुभ्र लेप दिसतो तितका निष्पाप नाही, हे एवढ्यावरून ध्यानी यावे.

आता पिठाविषयी. जुना केक फुगे तो अंड्यांच्या आणि मनगटाच्या बळावर. हॅना ग्लास हिच्या १७४७ सालच्या प्रसिद्ध पाकग्रंथात लोणी, साखर, अंडी व पीठ यांचे मिश्रण हाताने अथवा मोठ्या लाकडी चमच्याने तासभर फेटावयास सांगितले आहे. हा तास ज्यांच्या पदरी मोलकरीण होती त्यांनाच परवडे. १८४३ साली बर्मिंगहॅमचा औषधी-रसायने विकणारा आल्फ्रेड बर्ड याने बेकिंग पावडर सिद्ध केली, आणि तिचे निमित्त मोठे हृद्य आहे. त्याच्या पत्नीला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. अंड्यांवाचूनचे कस्टर्ड त्याने तिच्यासाठी आधीच, १८३७ मध्ये, तयार केले होते. आता यीस्टवाचून पाव फुगविण्याची तोड काढली. क्षार आणि आम्ल कोरडी असताना एकत्र नांदतात. ओलावा मिळताच त्यांचे भांडण जुंपते, कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, आणि त्याचे असंख्य बुडबुडे पिठात कोंडले जाऊन भट्टीच्या उष्णतेने फुगतात. एका घरच्या पथ्यासाठी निघालेल्या ह्या चिमूटभर भुकटीने पुढे लक्षावधी गृहिणींचा तासाभराचा घाम वाचविला.

कपकेकाची कुळकथा समुद्रापलीकडची आहे. अमेलिया सिमन्स हिच्या १७९६ सालच्या अमेरिकन पाकग्रंथात लहान पेल्यांत भाजावयाच्या हलक्या केकाची कृती आढळते, आणि एलायझा लेस्ली हिच्या १८२८ सालच्या पुस्तकात तर 'कप केक' हे नावच येते. ह्या नावाचा उगम कोणी पेल्यांत भाजण्यात पाहतात, कोणी तराजूऐवजी पेल्याने सामग्री मोजण्यात. काही असले तरी त्यातील सोय उघड आहे: लहान जीव लवकर भाजतो, आणि वाटणीवरून भांडण होत नाही. ज्याला त्याला आपला स्वतंत्र चेंडू मिळतो!

परंतु ह्या इतिहासातील सर्वांत थरारक प्रकरण रंगांचे आहे, आणि ते वाचल्यापासून त्या दिवशीच्या केकाकडे आम्ही निराळ्याच दृष्टीने पाहू लागलो आहो. हिरवे गवत, तांबडा चेंडू, पिवळा चेंडू: हे तिन्ही रंग दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये मुलांच्या मिठाईत सर्रास वापरले जात, आणि तिन्ही विषारी असत. हिरव्यासाठी तांबे व सोमल यांचा क्षार, तांबड्यासाठी शेंदूर अथवा पाऱ्याचा हिंगूळ, पिवळ्यासाठी शिसे व क्रोमियम यांचा क्षार. १८३१ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात विल्यम ब्रुक ओशॉनेसी नावाच्या एका तरुण डॉक्टराने अशा मिठाया पृथक्करण करून चव्हाट्यावर आणल्या. हाच ओशॉनेसी दोन वर्षांनी हिंदुस्थानात आला, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक झाला, आणि पुढे ह्या देशात तारायंत्राचे जाळे त्यानेच उभारले. कलकत्ता-मुंबई तारेचा जनक म्हणून आपण त्यास ओळखतो. परंतु लेकरांच्या तोंडातील विष ओळखणारा म्हणून त्याची आठवण आम्हांस अधिक मोलाची वाटते.

त्याच्या इशाऱ्याकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. वीस वर्षांनंतर आर्थर हिल हॅसल याने सूक्ष्मदर्शक यंत्र घेऊन तेच काम पुन्हा हाती घेतले आणि १८५१ ते १८५४ पर्यंत भेसळीचे अहवाल 'लॅन्सेट'मध्ये विक्रेत्यांच्या नावानिशी छापविले. तरीही कायदा हलेना. अखेर १८५८ साली ब्रॅडफर्ड शहरात अनर्थ घडला. साखर वाचविण्यासाठी पेपरमिंटच्या वड्यांत एक स्वस्त पांढरी पूड घालण्याचा तेथे प्रघात होता. औषधविक्रेत्याच्या नवख्या मदतनिसाने तिच्याऐवजी चुकून सोमल दिला. वीसएक माणसे दगावली, दोनशेंहून अधिक आजारी पडली, आणि मृतांत लहान मुले होती. तेव्हा कोठे १८६० साली भेसळीविरुद्ध पहिला सर्वसाधारण कायदा झाला. परंतु त्यास दात नव्हते, ते १८७५ च्या कायद्याने आले. आज आमची भाची बाटलीतील दोन थेंब निःशंक मनाने किसात टाकते. ती निःशंकता अशी विकत घेतलेली आहे. आपल्याकडेही सुटे, बिनलेबलाचे रंग मिठाईत अजून सापडतात; तेव्हा ही कथा केवळ परक्यांची समजून चालणार नाही.

चौथी गोष्ट खेळाची. खेळ पुरातन असले, तरी ठराविक मापाचे मैदान, ठराविक रंगाचा चेंडू, ठराविक वेश ही एकोणिसाव्या व विसाव्या शतकांची करणी आहे. फुटबॉलच्या संघटनेचे नियम १८६३ चे, विंबल्डनची पहिली टेनिसस्पर्धा १८७७ ची. केकावर चित्र उमटावयाचे तर ते पाहताक्षणी ओळखू आले पाहिजे, आणि ही ओळख पुष्कळदा दूरचित्रवाणीने घडविली. ज्या काळ्या-पांढऱ्या ठिगळांच्या चेंडूला आपण फुटबॉलचे सनातन रूप समजतो, तो १९७० च्या विश्वचषकात कृष्णधवल पडद्यावर उठून दिसावा म्हणून आला. टेनिसचा चेंडू मुळात पांढरा. रंगीत पडद्यावर दिसावा म्हणून १९७२ साली त्याला पिवळा करण्यास मान्यता मिळाली, आणि विंबल्डनने तर १९८६ पर्यंत पांढरा सोडला नाही. म्हणजे त्या दिवशीचे सहा पिवळे कपकेक आमच्या बालपणी केले असते, तर ते टेनिसचे चेंडू म्हणून कोणास पटलेच असते असे नाही.

ह्या चार धारा एकत्र आल्यावर घरगुती सजावटीस विद्येचे रूप येण्यास वेळ लागला नाही. १९२९ साली शिकागो येथे ड्यूई मॅकिन्ली विल्टन याने केक सजविण्याचे वर्ग सुरू केले. प्रथम त्यांत धंदेवाईक लोक शिकत; पुढे त्या घराण्याने पुस्तके आणि तऱ्हेतऱ्हेचे साचे काढून ती विद्या गृहिणींच्या हाती दिली. १९८० साली 'ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली' ह्या नियतकालिकाने मुलांच्या वाढदिवसाच्या केकांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या मुखपृष्ठावर आगगाडी आहे. आत पोहण्याचा तलाव आहे, आणि त्याचे पाणी म्हणजे थरथरणारी जेली. त्या देशातील एक सबंध पिढी हे पुस्तक चाळीत, आपल्या वाढदिवसाला कोणता केक मागावा ह्या विवंचनेत वाढली. त्यांतील पुष्कळ केक तयार पुड्यांच्या पिठाचे आहेत. शोभा सारी कल्पकतेची.

तयार पुड्याचा विषय निघालाच आहे, तर त्या सद्गृहस्थांच्या प्रश्नाला येथेच हात घालू. पिट्सबर्गच्या डफ कंपनीने १९३० च्या दशकात केकाच्या तयार मिश्रणाची पेटंटे घेतली. पहिल्यात अंड्यांचीही पूड घातलेली होती. केवळ पाणी ओतावयाचे. पण त्याच दशकातील पुढच्या पेटंटात ताजी अंडी गृहिणीने स्वतः घालावी असे ठरविले, कारण तिला तेच आवडते असा अनुभव आला. पुढे १९५० च्या सुमारास अर्नेस्ट डिश्टर ह्या मानसशास्त्रज्ञाने हे गुपित शोधून काढले अशी आख्यायिका पसरली. परंतु पेटंटाचा कागद त्याच्या फार आधीचा आहे. ज्यांचा सारा नफा 'खटाटोप' नाहीसा करण्यात होता, त्या व्यापाऱ्यांनाही थोडा खटाटोप शिल्लक ठेवावा लागला, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दुसऱ्यासाठी काही करताना आपला हात त्यास लागावा, ही माणसाची इच्छा कोणतेही यंत्र पुरती पुसू शकत नाही.

तथापि ह्या हाताचे पुढे काय होते? क्रिकेट आणि घरचा केक यांचे नाते इंग्लंडात फार जुने आहे. गावोगावच्या क्लबांत दुपारच्या चहाचे सँडविच व केक बहुधा खेळाडूंच्या आया-बायकाच करून आणीत. १९५७ पासून कसोटी सामन्यांचे धावते वर्णन करणाऱ्या बी.बी.सी.च्या कार्यक्रमात ब्रायन जॉन्स्टन केकाची तारीफ करू लागले, तेव्हा श्रोत्यांनी त्यांच्या खोलीत केकांचा वर्षाव केला. २००१ साली लॉर्ड्‌सवर खुद्द एलिझाबेथ राणीने समालोचक जोनाथन ॲग्न्यू यांस फळांचा केक भेट दिला. कथा गोड आहे. परंतु तिच्या पाठीमागचा कडू भाग इतिहासकाराने लपविता कामा नये. ज्या लॉर्ड्‌सवर हे केक जात, त्या मैदानाचा मालक मेरिलबोन क्रिकेट क्लब १७८७ साली स्थापन झाला, आणि त्याने स्त्रियांस सभासदत्व देण्याचा ठराव केला १९९८ साली, म्हणजे २११ वर्षांनी. तोवर सामना चालू असता तेथील पॅव्हिलियनमध्ये राणी आणि नोकरवर्ग वगळता स्त्रीला प्रवेश नव्हता. केक आत जाई. करणारी बाहेर राही. स्त्रियांचा क्रिकेट विश्वचषक पुरुषांच्या दोन वर्षे आधी, १९७३ सालीच, खेळला गेला होता. तो जिंकणारी कर्णधार रॅचेल हेहो फ्लिंट हिलाही ह्या दारावर अनेक वर्षे धडका द्याव्या लागल्या.

येथे आम्हांस आपल्या घरच्या रुखवताची आठवण झाली. लग्नमंडपाच्या कोपऱ्यात मांडलेले ते साखरेचे वृंदावन, ती रंगीत बत्ताशांची आगगाडी, तीळ-साखरेच्या हलव्याचे नाजूक दागिने आपण क्षणभर पाहतो, 'वा!' म्हणतो आणि पुढे जेवावयास जातो. ते कोणी केले, किती रात्री जागून केले, हे कोणाच्या वहीत लिहिलेले नसते. आम्ही तीस वर्षे विद्यार्थ्यांस इतिहास शिकविला. मग्रूर राजांच्या मोहिमांच्या तारखा मुखोद्गत आहेत. परंतु आमच्या आईने आमच्या मुंजीत मांडलेल्या पदार्थांपैकी एकाचेही नाव आज सांगता येत नाही. त्या दिवशीची लाज होती ती हीच.

ह्याचा अर्थ प्रत्येक आईने दोन रात्री जागलेच पाहिजे असा मात्र कोणी करू नये. नोकरी करून थकलेल्या बाईने बाजारातून केक आणला, तर तिच्या मायेत तिळभर उणेपणा येत नाही. आणि हौसेचे रूपांतर जेव्हा शेजारणीशी चढाओढीत होते, तेव्हा ती हौस राहत नाही, वेठ होते. ज्याला करावेसे वाटते त्याच्या श्रमाला 'खटाटोप' म्हणून हिणवू नये, आणि तो श्रम एकट्या आईच्या माथी मारू नये, एवढेच आमचे म्हणणे.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला, तेव्हा आमची ही नात मध्यरात्र उलटली तरी पडद्यापुढून हलली नव्हती. तिच्या केकावर दोन वेण्यांची मुलगी का उभी होती, ते त्या रात्रीने सांगितले. जी स्त्री इतकी वर्षे मैदानासाठी केक करीत होती, ती आता केकावरील मैदानात उभी आहे.

पुढील वर्षासाठी नातीने आताच फुटबॉल मागितला आहे. अर्धगोल साच्यात केक भाजावयाचा, माथ्यावर एक काळा पंचकोन, त्याच्या पाच बाजूंना पाच पांढरे षट्कोन, आणि पुढे ह्याच क्रमाने कडेपर्यंत. पूर्ण चेंडूत बारा पंचकोन व वीस षट्कोन असतात. त्यांतील एकाची बाजू जरी चुकली तरी सारी रचना बिघडते. हे काटेकोर काम भाचीने आमच्याकडे सोपविले आहे. "मामा, ह्या वेळी माप तुमचं," असे ती म्हणाली. पट्टी आणि कंपास आम्ही काढून ठेवले आहेत.